जुन्या क्वार्टरची बाग नव्या प्लॉटवर नेताना: कोणता कंद कधी काढायचा, कुठे लावायचा

प्रश्न असा आहे: "भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आमची बावीस वर्षं गेली. मेअखेर क्वार्टर रिकामं करून जळगावला बांधलेल्या घरी जायचंय. सासूबाईंनी लावलेली फुटबॉल लिली, निशिगंध, पावसाळी लिली, कर्दळ, सोनटक्का, कुंपणावरची कळलावी, शिवाय मोगरा, जास्वंद आणि एक मोठा पारिजातक आहे. नव्या प्लॉटची माती काळी. समोरच्या पट्टीत पावसाळ्यात दोन-दोन दिवस पाणी उभं राहतं, पश्चिमेची भिंत दुपारी तापते, मागे जुना कडुनिंब आहे आणि न्हाणीचं पाणी बाजूला मोकळं सोडलंय. आता एप्रिलचा मध्य आहे. काय काढू, कधी काढू आणि कुठे लावू? ट्युलिपचे कंद मागवले तर येतील का?"

ताई, ट्युलिपचं आधी सांगून टाकतो, कारण त्यावर पैसे घालवू नका. ट्युलिपच्या कंदाला फूल धरण्यासाठी सलग बारा ते चौदा आठवडे थंडी लागते, नऊ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली, आणि तीही दिवस-रात्र. आपल्याकडे जानेवारीत पहाटे कुडकुडायला होतं, पण दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागतो. त्या थंडीला कंद थंडी मानत नाही. फ्रिजमध्ये थंडी देऊन कुंडीत एकदा फूल आणता येतं, पण पुढच्या वर्षी तो कंद संपलेला असतो. तुमच्या हाताशी आहेत ते कंद इथल्या हवेत पिढी ओलांडून टिकलेत. त्यांच्यावरच मेहनत घेऊ.

आता मुख्य गोष्ट. जळगावात रोपवाटिका सांभाळताना गेली तीस वर्षं मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहतो. लोक कंदांना मेच्या उन्हापासून वाचवायला धडपडतात. सावली करतात, रोज पाणी घालतात. प्रत्यक्षात माझ्याकडे मेलेले कंद घेऊन लोक येतात ते ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि ते कंद बोटांनी दाबले की पिकल्या केळ्यासारखे दबतात. वास येतो तो वेगळाच. पारा ४५ च्या पुढे गेला तरी जमिनीत वितीवर झोपलेल्या कंदाचं सहसा काही बिघडत नाही. त्याची शिदोरी त्याच्याच पोटात असते आणि कोरडी माती त्याला कणगीसारखी सांभाळते. आपल्याकडचे बरेचसे कंद कोरडेपणाने झोपतात. काळी माती मात्र पाऊस लागला की फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि तिच्यातून हवाच जात नाही. सलग दोन दिवस पाणी उभं राहिलं की कंदाच्या बुडाची चकती सडायला लागते. म्हणून कंदाची जागा निवडताना मेचं ऊन बघू नका, ऑगस्टचं पाणी बघा. झुडपांचं याच्या नेमकं उलट आहे. मोगरा, जास्वंद यांना मे मारतो. हे दोन हिशेब वेगळे ठेवले की तुमचे निम्मे प्रश्न सुटतात.

नव्या प्लॉटवर आधी मातीची परीक्षा घ्या. फूटभर लांब-रुंद आणि फूटभर खोल खड्डा करून पाणी भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्यांदा तासाला किती उतरतं ते मोजा. इंचापेक्षा कमी उतरलं तर जागा कंदांना धोक्याची. पण इथे एक फसगत होते ती लक्षात ठेवा. एप्रिलमध्ये काळ्या मातीला हाताएवढ्या भेगा असतात, त्यातून पहिलं पाणी भसकन निघून जातं आणि माणूस म्हणतो, "वा, निचरा काय छान आहे!" आधी दोन दिवस ती जागा चांगली भिजवा, भेगा मिटू द्या, मगच मोजा. शिवाय मातीचं एक ढेकूळ घेऊन त्यावर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. बुडबुडे आले की मातीत चुनखडी आहे. जळगावच्या आसपास बऱ्याच प्लॉटवर येतात, त्यात बांधकामाचा चुना-सिमेंटही मिसळलेला असतो. त्याचा उपयोग जास्वंदीबद्दल बोलताना होईल.

आता काढणी. सगळं एका दिवशी उपटून टेम्पोत घालायचं नाही. झोपलेलं आधी काढायचं, जागं असलेलं नंतर, आणि काही तिथेच ठेवायचं.

पहिला नंबर कळलावीचा. तिचा वेल हिवाळ्यातच वाळून गेला असेल, आता खाली कंद गाढ झोपेत आहेत. कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा किंवा नांगरासारखा दोन फाट्यांचा असतो आणि डोळा फक्त टोकाशी असतो. ते टोक मोडलं तर तो फाटा कितीही जाडजूड असला तरी उगवणार नाही. म्हणून कुदळ वापरू नका. बुंध्यापासून हातभर लांबून माती सैल करा आणि शेवटचं काम बोटांनी करा. हातात मोजे हवेतच. कळलावीत कोल्चिसीन नावाचं विष असतं, कंदात तर भरपूर. काढलेले कंद वर्तमानपत्रावर सावलीत दोन दिवस सुकवा, मग कोरड्या वाळूच्या खोक्यात आडवे ठेवा आणि खोक्यावर ठळक अक्षरात "विषारी" लिहा.

लिहिण्याबद्दल एवढ्या आग्रहाने सांगतोय, कारण घर हलवताना सामान सतरा हातांतून जातं. स्पायडर लिली, फुटबॉल लिली, निशिगंध यांचे कंद कांद्यासारखेच दिसतात. कोणीतरी मदत म्हणून ते कांद्याच्या टोपलीत ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी चिरायला घेतं. हे कंद खाण्याचे नाहीत. स्वयंपाकघराच्या सामानाबरोबर ते जाताच कामा नयेत.

निशिगंध एप्रिलमध्ये काढायला अगदी योग्य. आठ-दहा दिवस पाणी तोडा, मग पूर्ण गड्डा उकरून काढा. त्यात तुम्हाला एक म्हातारा कंद आणि भोवती पिलं दिसतील. ज्या कंदाने एकदा दांडा दिला तो पुन्हा देत नाही, त्याचं काम झालं. पुढचं फूल पिलांमधून येतं. बऱ्याच घरी "निशिगंधाला आता फुलंच येत नाहीत" ही तक्रार असते, तिचं कारण हेच. गड्डा वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि पिलं एकमेकांच्या उरावर बसून बारीक होतात. दोन ते तीन सेंटीमीटर जाडीचे टोकदार कंद लावायला निवडा, त्याहून बारीक वेगळ्या कोपऱ्यात वर्षभर वाढू द्या. निवडलेले कंद सावलीत तीन-चार आठवडे विश्रांतीला ठेवले की उगवण एकसारखी होते. म्हणजे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास काढले तर मेअखेरीस लावायला तयार, तुमच्या वेळापत्रकात बरोबर बसतं.

कंद कसा निवडायचा हे खरं तर खानदेशी माणसाला शिकवायची गरज नाही. केळीचा मुनवा, म्हणजे लावणीचं पिलू, निवडताना आपण काय बघतो? पानं तलवारीसारखी अरुंद, बुंधा जाड, गड्डा शंकूसारखा, अर्धा-पाऊण किलो वजनाचा. रुंद पानं मिरवणारा पानपसरा मुनवा दिसायला गोंडस, पण आपण तो सोडून देतो. फुलांच्या कंदालाही हीच नजर लावा. वरच्या हिरवाईला भुलू नका. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे, दाबला तर कांद्यासारखा टणक हवा, बुडाची चकती अखंड हवी. चकतीवर काळी बुरशी किंवा ओलसर मऊपणा दिसला तर तो कंद कितीही मोठा असो, गाडीत घेऊ नका. एक सडका कंद पिशवीतले दहा बिघडवतो.

फुटबॉल लिलीबद्दल जास्त काळजी घ्या, कारण सासूबाईंची आठवण म्हणून तुमचा जीव तिच्यातच जास्त अडकला असणार. ही मूळची आफ्रिकेची. पानं हिवाळ्यात वाळतात आणि पहिल्या वळवाच्या सुमारास जमिनीतून थेट फुलाचा लाल चेंडू वर येतो, म्हणून तिला मे-फ्लॉवरही म्हणतात. तिची फुलाची कळी आत्ता कंदाच्या आत तयार बसलेली आहे. तिला हलवण्याचा उत्तम काळ फेब्रुवारी-मार्च होता, तो गेला. तरीही हलवता येते, फक्त तिची मुळं तोडायची नाहीत. निशिगंधासारखा हिचा कंद उघडा करून, मुळं छाटून वाळवून चालत नाही. तिची जाड मांसल मुळं वर्षानुवर्षं जिवंत राहतात. आदल्या संध्याकाळी थोडं पाणी द्या आणि दुसऱ्या दिवशी मातीला वाफसा आल्यावर, म्हणजे ओल आहे पण हाताला चिकटत नाही अशी झाल्यावर, फावड्याने मातीच्या गोळ्यासकट उचलून थेट कुंडीत किंवा जुन्या बादलीत बसवा. कंदाची मान मातीच्या पातळीला राहू द्या, खोल गाडू नका. यंदा चेंडू कमी येतील, कदाचित एखादा कंद रुसेल. हिला जागा बदललेली आवडत नाही. पुढच्या वर्षी पूर्ववत होईल, त्यासाठी तिला पुन्हा पुन्हा उकरून बघू नका.

पावसाळी लिली मात्र फार सोशीक. केव्हाही काढा, झुबक्याने लावा. बोटभर अंतरावर दहा-बारा कंद एकत्र लावले की पहिल्या मोठ्या पावसानंतर चार-पाच दिवसांत सगळी एकदम उमलतात. एकेकटी लावली तर शोभा येत नाही.

कर्दळ आणि सोनटक्का यांचे गड्डे म्हणजे खरे कंद नव्हेत, हळदीसारखे जमिनीत आडवे धावणारे खोड आहेत. त्यांना कागदी साल नसते, म्हणून ते उघड्यावर आठवड्यात सुरकुततात. हे शेवटच्या आठवड्यात काढा. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे ठेवा, वरची पानं वीतभर ठेवून छाटा, कापलेल्या तोंडाला राख लावा आणि दमट भुश्यात किंवा वाळूत गोणपाटाखाली ठेवा. बाकी कोरडे कंद जाळीच्या पिशव्यांत घालून टांगा, कांद्याच्या चाळीत जसा वारा खेळतो तसा खेळला पाहिजे. प्लास्टिकची पिशवी नको, फ्रिज नको, पत्र्याची शेड तर अजिबात नको. मेच्या दुपारी पत्र्याखाली कंद शिजतात. भुसावळ-जळगाव जेमतेम पंचवीस किलोमीटर आहे, पण उघड्या टेम्पोत दुपारचा वारा लागला तर तेवढंही पुष्कळ झालं. पहाटे निघा, वर ओलं गोणपाट टाका.

आता जागा एकेक बघू.

समोरची पाणी साचणारी पट्टी. लोक इथे दोन चुका करतात. पहिली, काळ्या मातीत चार पाट्या वाळू मिसळतात. एवढ्याशा वाळूने चिकणमाती सुधारत नाही, कधी कधी विटेसारखी घट्ट होते. दुसरी चूक जास्त नुकसान करते. खोल खड्डा खणून त्यात शेणखत आणि गाळाची भुसभुशीत माती भरतात. भोवतालची काळी माती पाणी पाझरू देत नाही, त्यामुळे तो खड्डा पावसाळ्यात हौद होतो आणि आजूबाजूचं सगळं पाणी त्यात येऊन बसतं. ज्या कंदासाठी एवढे लाड केले तोच त्यात बुडतो. खाली जाऊ नका, वर या. मीटरभर रुंद आणि फूटभर उंच गादीवाफा करा. एक भाग तिथलीच माती, एक भाग भरड वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. कडेला विटा लावल्या तर तळाच्या थरात दर दोन-तीन विटांमागे फट ठेवा, म्हणजे पाणी बाहेर जाईल. तळाशी खडी-दगडांचा थर घालायची पद्धत आहे, ती सोडून द्या. बारीक मातीतलं पाणी खडीत सहज उतरत नाही, उलट वरच्या मातीतच अडून राहतं. गादीवाफा मेमध्येच भरून दोनदा भिजवा, तो चांगला एक चतुर्थांश खाली बसतो. मग वर पुन्हा भर घाला आणि मृगाच्या तोंडावर लावणी करा. मध्ये निशिगंध, दोन ते अडीच इंच खोल. कडेने पावसाळी लिली. एका टोकाला, जिथे जाळी किंवा कुंपण असेल तिथे कळलावी, कंद आडवा ठेवून. घरात नातवंडं किंवा दारात शेळ्या येत असतील तर कळलावी तिथे नको, मागच्या कुंपणाला न्या, पण तिथेही उंचवटा करूनच लावा.

शेणखत पूर्ण कुजलेलं म्हटलं, त्यात तडजोड करू नका. कच्च्या शेणातून हुमणी, म्हणजे भुंगेऱ्याची मातीत राहणारी अळी, येते आणि ती कंदांची मुळं कुरतडते. वरून झाड नुसतं मलूल दिसतं, पाणी घालून घालून माणूस थकतो. तुमच्या मागे कडुनिंब आहे म्हणून आणखी सावध राहा. पहिला वळवाचा पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर पाला खायला बसतात. त्या दोन-तीन आठवड्यांत अंधार पडल्यावर फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकले तर पुढची अळी निम्म्याने कमी होते. आमच्याकडे हे काम आम्ही दरवर्षी करतो, औषधापेक्षा याचा उपयोग मोठा.

न्हाणीच्या पाण्याची जागा मला या प्लॉटवरची सगळ्यात चांगली जागा वाटते, लोक मात्र तिला नाक मुरडतात. कर्दळ इथे लावा. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या वनस्पतींच्या वाफ्यांत कर्दळ मुद्दाम लावतात, साबणाच्या पाण्याचं तिला काही वाटत नाही. तिच्या जोडीला कोणाकडून स्पायडर लिली आणि गडांबी कांदा मिळवा. पाण्यात पाय बुडवून उभे राहणारे कंद थोडेच, त्यातले हे दोन. पाइपाच्या तोंडाशी हात-दोन हात खडी घाला म्हणजे पाणी पसरेल आणि डास होणार नाहीत. सोनटक्क्याला ओल आवडते, पण साबण आणि खार नाही. त्याला कर्दळीच्या पलीकडे, जिथे पाणी गाळून पोचतं आणि दुपारनंतर सावली येते तिथे जागा द्या. उन्हाळ्यात पानांच्या कडा करपतील, घाबरू नका, गड्डा जिवंत असतो. इथे अळू लावायचा मोह होईल. वडीसाठी लावायचं असेल तर साबणाच्या पाण्यावर नको, साध्या पाण्याच्या नळापाशी लावा.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर बोअरच्या पाण्याचंही बोलतो. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरत असेल तर पाणी क्षारयुक्त आहे. घरातल्या शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारं पाणी त्याहून खारट. पाणी वाया जाऊ नये म्हणून बायका ते रोज कुंड्यांना घालतात, हेतू चांगला, पण मोगरा आणि लिली त्याने हळूहळू जळतात. ते पाणी कण्हेरीला आणि बोगनवेलीला घाला, त्या सोसतात.

कण्हेर आणि बोगनवेल पश्चिमेच्या भिंतीसाठीच आहेत. ही भिंत दुपारी चारला हात लावू देत नाही आणि रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहते. तिथे कंदांची हौस करू नका. भिंतीपासून किमान दोन फूट सोडून बोगनवेल, पांढरा चाफा, कण्हेर, पिवळी घंटाफुलं यांतलं काहीही लावा, पण जुलैमध्ये, आत्ता नाही. भिंतीलगतच्या मातीत गिलाव्याचा चुना असतो, तो टोपलीभर काढून टाका. कण्हेरही विषारी आहे, जनावरांच्या तोंडाला येईल अशी लावू नका. दोन-तीन वर्षांत या झुडपांची सावली पडू लागली की त्यांच्या पूर्वेच्या अंगाला पावसाळी लिलीची रांग सुखाने नांदेल.

कडुनिंबाखालची जागा दिसते सावलीची, पण तिथे खरी अडचण तहानेची असते. कडुनिंबाची बारीक मुळं वरच्या फूटभर मातीत जाळं करून बसलेली असतात, तुम्ही घातलेलं पाणी आणि खत आधी तेच पितात. मुळं तोडून वाफा करू नका. झाडालाही इजा होते आणि वर्षभरात मुळं परत येतातच. बुंध्याभोवती मातीचा ढीगही चढवू नका, साल कुजते. इथे माझा उपाय साधा आहे: मोठ्या मुळांमधल्या मोकळ्या जागी कुंड्या गळ्यापर्यंत जमिनीत पुरा. तुमची फुटबॉल लिली भुसावळहून ज्या कुंड्यांत येईल त्याच कुंड्या इथे पुरायच्या. तिला गाळीव सावली मानवते, हिवाळ्यात कडुनिंबाखाली कोरडं राहतं तेव्हा ती झोपलेली असते, आणि पानगळीनंतर येणारा पाला तिच्यावर पांघरूण घालतो. कुंडीच्या तळाचं भोक मोठं हवं. दोन-तीन वर्षांनी कडुनिंबाची मुळं त्या भोकातून आत शिरतील, तेव्हा कुंडी उचलून मुळं छाटायची आणि परत ठेवायची. ते काम जानेवारी-फेब्रुवारीत करा.

पावसाळ्यात लिलीच्या पानांवर काळ्या अंगाच्या, पांढऱ्या-नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या दिसतील. एका रात्रीत पान दांड्यापर्यंत खातात. कळलावी, स्पायडर लिली, फुटबॉल लिली तिन्हींवर येतात. सकाळी हाताने वेचा, पानाच्या खालची अंडीही पुसून टाका. चार-पाच दिवस सलग केलं की फवारणीची वेळ येत नाही.

आता झुडपं. मोगरा आत्ता बहरात असेल. तो एप्रिल-मेमध्ये उपटलात तर जाईल, हे मी खात्रीने सांगतो. त्याला तिथेच राहू द्या. क्वार्टरमध्ये नवीन राहायला येणाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा. जाण्यापूर्वी मोगऱ्याच्या खालच्या दोन-तीन लांब फांद्या वाकवा, मधल्या सांध्याशी खालच्या बाजूने साल थोडी खरवडा आणि तो भाग मातीत दाबून वर वीट ठेवा. वरचं टोक मात्र मोकळं राहू द्या. पावसाची ओल लागली की सहा-आठ आठवड्यांत मुळं सुटतात. ऑगस्टमध्ये जाऊन ती दाबकलमं कापून आणा. मूळ झाड जिथलं तिथे राहील आणि त्याची लेकरं तुमच्या दारात येतील. जास्वंदीच्या पेन्सिलएवढ्या जाडीच्या वीतभर काड्या जुलैत लावा, दहातल्या सहा-सात सहज जगतात. मात्र तुमच्या मातीत चुनखडी निघाली असेल तर जास्वंदीची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या अशा दिसायला लागतील. लोक त्याला पाण्याची कमतरता समजतात. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे झाडाला घेता येत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस म्हणजे फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम लिंबूसत्व घालून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा. जमिनीतून द्यायचं असेल तर दुकानात ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह मागा. ईडीटीए प्रकारचं स्वस्त मिळतं, पण चुनखडीच्या मातीत ते टिकत नाही.

पारिजातक मोठा आहे म्हणता. तो हलवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मोठं झाड हलवायचं तर बुंध्याच्या जाडीच्या दहा-बारा पट रुंदीचा मातीचा गोळा उचलावा लागतो आणि त्याआधी दीड-दोन महिने एकेका बाजूने मुळं छाटून तयारी करावी लागते. एवढा वेळ तुमच्याकडे नाही. झाडाखाली चपट्या, नाण्यासारख्या शेंगा पडलेल्या असतील, त्या गोळा करा. नाहीतर मागच्या पावसाळ्यात उगवलेली वीतभराची रोपं बुंध्याभोवती असतातच. दोन-तीन रोपं मातीच्या गोळ्यासकट पिशवीत घ्या, सावलीत ठेवा आणि जुलैत लावा. पारिजातक भराभर वाढतो, तिसऱ्या वर्षी अंगणात सडा पडेल.

जुलैमध्ये ही सगळी झुडपं लावताना खड्डा गोळ्याएवढाच खोल आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद करा. काळ्या मातीत फावड्याने खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत होतात आणि मुळं त्या भिंतीला धडकून आतल्या आत फिरत बसतात, म्हणून खुरप्याने भिंती खरवडा. दुसऱ्या-तिसऱ्या पावसानंतर, वाफसा आल्यावर, संध्याकाळी लावणी करा. चिखलात कधीच नाही. चिखलात दाबलेली काळी माती दिवाळीत फुटते आणि मुळं ताणून तोडते. ऑक्टोबरच्या उन्हात बुंध्याभोवती केळीची वाळलेली पानं किंवा भुईमुगाची टरफलं चार बोटं जाड पसरून ठेवा, बुंध्याला चिकटू देऊ नका. कोवळ्या खोडाच्या नैऋत्य बाजूला फेब्रुवारीत चुन्याचा हात द्या, साल फाटत नाही.

आता तुमच्या हातात सहा आठवडे आहेत. या आठवड्यात कळलावी काढा आणि फुटबॉल लिली कुंड्यांत घ्या, आखाजीच्या सुमारास निशिगंध, मेच्या मध्याला पावसाळी लिली आणि निघायच्या आधी दोन दिवस कर्दळ-सोनटक्का. मधल्या काळात कोणाला तरी जळगावला पाठवून गादीवाफा भरून घ्या, कारण जागा तयार नसताना कंद पोचले की ते गोणीतच पाऊस बघतात.

आणि ऑगस्टमध्ये मोगऱ्याची कलमं आणायला जाल तेव्हा जुन्या वाफ्यात नजर टाका. फुटबॉल लिलीची वाटाण्याएवढी पिलं कितीही काळजी घेतली तरी मातीत राहून जातात. पावसात त्यांना एकेक रुंद पान आलेलं असेल, म्हणजे ओळखायला सोपी. एखादं पिलू नवीन राहणाऱ्यांसाठी तिथेच राहू द्या, बाकीची मातीसकट डब्यात घेऊन या.